पाचवीच्या वर्षी भरायचे अर्ज

दरवर्षी पावसाळ्यात नवोदय विद्यालयाचे अर्ज निघतात आणि पाचवीतल्या मुलांच्या घरांत धावपळ सुरू होते. आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा, फोटो, मुलाची आणि पालकांची सही, मुख्याध्यापकांनी शिक्का मारून दिलेले प्रमाणपत्र, हे सगळे जुळवून सायबर कॅफेत किंवा एखाद्या तळमळीच्या गुरुजींच्या मोबाइलवर अर्ज भरला जातो. दिवाळीच्या मागेपुढे सैनिक स्कूलच्या अखिल भारतीय परीक्षेची जाहिरात येते. आदिवासी तालुक्यांत एकलव्य शाळांचे अर्ज फिरत असतात. या धांदलीत पालक एकमेकांना एकच प्रश्न विचारतात: कुठे नंबर लागेल? त्याच्या आधीचा प्रश्न, म्हणजे नंबर लागला तर या मुलाच्या आयुष्यात नेमके काय बदलेल, हा बहुतेक घरांत निकाल लागल्यावर, ट्रंक भरताना समोर येतो. अर्ज कुठे भरायचे हे शाळेच्या नावावरून किंवा तिच्या निकालावरून ठरवू नये. मूल आज जिथे आहे आणि पुढची सात वर्षे जिथे शिकले असते, त्याच्या तुलनेत ती शाळा त्याला काय वेगळे देणार आहे यावरून ठरवावे, असे माझे म्हणणे आहे. हे मनापासून मानले तर यादीतली बरीच नावे वरखाली होतात.

महाराष्ट्रातल्या पालकांसमोर सहावीच्या प्रवेशासाठी मुख्यतः तीन प्रकारच्या सरकारी निवासी शाळा असतात, आणि त्या तिन्ही वेगवेगळ्या हेतूंनी निघाल्या. नवोदयची कल्पना १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातली. त्याआधी १९८५-८६मध्ये प्रयोग म्हणून दोन शाळा सुरू झाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीत. ग्रामीण भागातल्या हुशार मुलांना, घरची ऐपत काहीही असो, उत्तम शिक्षण फुकट मिळावे हा त्यांचा उद्देश होता. आज देशात साडेसहाशेच्या वर नवोदय विद्यालये आहेत, साधारण जिल्ह्याला एक. सैनिक स्कूल त्याहून जुनी. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या काळात, २३ जून १९६१ रोजी, देशातले पहिले सैनिक स्कूल साताऱ्यात सुरू झाले. सैन्याचे अधिकारी समाजाच्या सर्व थरांतून आणि सर्व राज्यांतून यावेत, त्यासाठी मुलांची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी लहानपणापासून तयारी व्हावी, हे तिचे उघड उद्दिष्ट. २०१९मध्ये चंद्रपूरला राज्यातले दुसरे सैनिक स्कूल आले. एकलव्य आदर्श निवासी शाळा १९९७-९८पासून केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाच्या योजनेतून उभ्या राहिल्या आणि त्या अनुसूचित जमातींच्या मुलांसाठी आहेत. एक शाळा गावातल्या हुशारीला वाव देण्यासाठी, एक सैन्यात अधिकारी पाठवण्यासाठी आणि एक आदिवासी मुलांच्या शिक्षणातली तूट भरून काढण्यासाठी. तिन्हींना एका पंक्तीत बसवून ‘सर्वांत चांगली कोणती’ असे विचारले की उत्तर चुकणारच, कारण प्रश्नच चुकलेला असतो.

तरी पालक निकाल पाहतात, आणि ते स्वाभाविक आहे. नवोदयचे निकाल खरोखर देखणे असतात. २०२४च्या सीबीएसई दहावीत नवोदय विद्यालयांचा निकाल ९९.०९ टक्के लागला. पण त्याच वर्षी केंद्रीय विद्यालयांचा निकालही नेमका ९९.०९ टक्केच होता. केंद्रीय विद्यालयात पहिलीच्या प्रवेशाला परीक्षा नसते. बदलीच्या नोकरीतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्राधान्य आणि मग सोडत. नवोदयमध्ये जिल्ह्यातल्या हजारो मुलांतून जास्तीत जास्त ८० निवडली जातात, चोवीस तास शाळेच्या देखरेखीत राहतात, आणि उत्तीर्णतेचा आकडा मात्र घरून डबा घेऊन येणाऱ्या केंद्रीय विद्यालयाइतकाच निघतो. यावरून नवोदय कमी पडते असे मुळीच म्हणायचे नाही. मुद्दा इतकाच की उत्तीर्णतेची टक्केवारी शाळेने मुलाला किती पुढे नेले हे सांगत नाही. निवडक बियाण्याचे पीक पाहून जमिनीचा कस ठरवता येत नाही. सहावीत आलेले मूल आधीच चुणचुणीत होते, त्याच्या मागे कुणीतरी लागलेले होते, अर्ज भरण्याइतकी जागरूकता घरात किंवा शाळेत होती. दहावीचा निकाल या सगळ्याची बेरीज असतो आणि त्यातला शाळेचा वाटा वेगळा काढून कुणी दाखवत नाही.

निवड कशाच्या जोरावर होते, तेही एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. नवोदयच्या सहावीच्या परीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न आणि १०० गुण असतात. त्यातले ४० प्रश्न आणि ५० गुण मानसिक क्षमता चाचणीचे. इथे वाचायला जवळपास काही नसते, सगळ्या आकृत्या: चारांतली वेगळी कोणती, अपूर्ण आकृतीत काय बसेल, आरशात ही कशी दिसेल, कागद घडी घालून छिद्र पाडले आणि उलगडला तर छिद्रे कुठे येतील. मग अंकगणिताचे २० आणि भाषेचे २० प्रश्न. भाषेत चार उतारे आणि प्रत्येकाखाली पाच प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि पेपर मराठीतून देता येतो. रचनेमागे विचार आहे: ज्या मुलाच्या घरात पुस्तके नाहीत, त्याची हुशारी भाषेच्या अडसराशिवाय दिसावी. सैनिक स्कूलच्या सहावीच्या परीक्षेची घडण वेगळी. तिथे ३०० गुणांपैकी १५० एकट्या गणिताला आहेत आणि बुद्धिमत्ता, भाषा, सामान्यज्ञान यांना प्रत्येकी ५०. म्हणजे आकृत्यांत चटकन डोके चालणारे पण गणितात अडखळणारे मूल एका परीक्षेत पुढे जाते आणि दुसरीत मागे पडते. एका ठिकाणी नंबर लागला आणि दुसरीकडे हुकला, यात मुलाच्या योग्यतेचा निवाडा शोधू नये. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या एका सकाळचा तो निकाल असतो.

निवडक शाळेत गेल्यामुळे मुलाला किती फायदा होतो, हे मोजण्याची एक चांगली युक्ती अर्थशास्त्रज्ञांनी वापरली आहे. कटऑफच्या एका गुणाने वर असलेली मुले आणि एका गुणाने खाली राहिलेली मुले यांच्यात हुशारीचा फरक जवळपास नसतो. फरक असतो तो एकाला ती शाळा मिळाली आणि दुसऱ्याला नाही, एवढाच. काही वर्षांनी दोघांची तुलना केली की शाळेचा वाटा उघडा पडतो. बोस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या नामांकित प्रवेश-परीक्षेच्या शाळांचा असा अभ्यास अब्दुलकादिरओग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक यांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केला. अँग्रिस्ट यांना पुढे २०२१मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आत गेलेल्या मुलांना कितीतरी हुशार सोबती मिळाले, तरी त्यांच्या परीक्षेतल्या गुणांत फारसा फरक पडला नव्हता. आपल्या दृष्टीने त्याहून जवळचे उदाहरण केनियाचे आहे. तिथल्या सरकारी ‘नॅशनल स्कूल’ निवासी आहेत, प्राथमिक शिक्षणाच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेच्या गुणांवर आणि जिल्ह्याच्या कोट्यावर त्यांत प्रवेश मिळत असे आणि देशभर त्यांचा दबदबा आहे. नवोदयची आठवण व्हावी इतके हे साम्य आहे. एड्रिएन लुकास आणि आयझॅक म्बिती यांनी २०१४मध्ये दाखवले की कटऑफच्या जवळपासच्या बहुतेक मुलांच्या बाबतीत या शाळांमुळे पुढच्या परीक्षेतले गुण वाढल्याचा ठोस पुरावा दिसत नाही.

म्हणजे निवासी शाळा व्यर्थ, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, कारण चित्राला दुसरी बाजू आहे. वॉशिंग्टनमध्ये ‘सीड’ नावाची निवासी शाळा गरीब वस्त्यांतल्या मुलांना सहावीपासून घेते. तिथे प्रवेश परीक्षेने होत नाही, सोडतीने होतो. मुले आठवड्याचे पाच दिवस तिथे राहतात आणि सुट्टीला घरी जातात. तिच्या अभ्यासात वाचन आणि गणित दोन्हींत चांगली वाढ दिसली आणि ती मुख्यतः मुलींमुळे होती. फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या सूर्दँ इथे २००९मध्ये वंचित घरांतल्या होतकरू विद्यार्थ्यांसाठी निवासी शाळा सुरू झाली, तिचाही सोडतीच्या आधाराने अभ्यास झाला. पहिल्या वर्षी मुलांचे मन रमत नव्हते आणि गुणही वाढले नव्हते. दुसऱ्या वर्षाअखेर गणितात स्पष्ट प्रगती झाली, पण तीही मुख्यतः सुरुवातीला ज्यांचा पाया पक्का होता त्यांचीच. हे सगळे एकत्र ठेवले की माझ्या मते एक धागा हाती लागतो. न्यूयॉर्कच्या कटऑफखाली राहिलेले मूल पुन्हा बऱ्यापैकी चांगल्याच शाळेत जाते, म्हणून फरक दिसत नाही. वॉशिंग्टनच्या सोडतीत हरलेले मूल ज्या वस्तीत आणि ज्या शाळेत परत जाते, तिथे आणि निवासी शाळेत जमीनअस्मानाचे अंतर असते, म्हणून फरक दिसतो. लाभ शाळेच्या उंचीवर ठरत नाही, दोन जागांमधल्या अंतरावर ठरतो. आणि रुळायला एक वर्ष जाते, हेही गृहीत धरावे लागते.

परदेशातले आकडे इथे कशाला, असे कुणी म्हणेल. आकडे आपल्याकडे लावायचे नाहीतच. उचलायचा आहे तो प्रश्न: नाही तर हे मूल कुठे असते? एका बाजूला सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीतली मुलगी धरा. गावची शाळा पाचवीपर्यंत. पुढे हायस्कूल सात-आठ किलोमीटरवर, एसटी दिवसातून दोनदा, पावसाळ्यात तिचाही भरवसा नाही. विज्ञानाचा शिक्षक असेल-नसेल. दहावीच्या आत लग्नाचा विषय निघण्याची भीती. या मुलीसाठी नवोदय म्हणजे सात वर्षांचे जेवण, राहणे, गणवेश, पुस्तके, प्रयोगशाळा, ग्रंथालय, मैदान आणि बारावीपर्यंत न तुटणारे शिक्षण. नववीपासून काही गटांतल्या मुलांकडून महिना ६०० रुपये विद्यालय विकास निधी घेतात, तोही मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना माफ आहे. बारावीच्या वळणावर ‘दक्षणा’सारखी संस्था नवोदयमधल्या निवडक मुलांना आयआयटी आणि वैद्यकीय प्रवेशाची तयारी विनामूल्य करून देते, तिचे एक केंद्र पुणे जिल्ह्यातच, खेड तालुक्यात आहे. दुसऱ्या बाजूला तालुक्याच्या गावातला मुलगा धरा. आई-वडील दोघे शिक्षक, घरात पुस्तके, चालत जाण्याच्या अंतरावर नावाजलेले हायस्कूल, संध्याकाळी आईजवळ बसून गणित. त्याच्यासाठी त्याच नवोदयमधून मिळणारा फरक कितीतरी लहान आहे आणि गमावण्यासारखे घरी बरेच आहे. शाळा तीच, इमारत तीच. पहिल्या घराने अर्ज न भरणे ही मोठी हानी आहे आणि दुसऱ्या घराने दोनदा विचार करणे शहाणपणाचे आहे.

नंबर लागण्याची शक्यताही सगळ्यांना सारखी नसते, आणि हे गणित पालकांनी कागदावर मांडून पाहावे. नवोदयच्या जास्तीत जास्त ८० जागांपैकी किमान ७५ टक्के, म्हणजे ६०, ग्रामीण मुलांच्या असतात. ग्रामीण म्हणून पात्र ठरायला तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. एक तृतीयांश जागा मुलींच्या. त्याखेरीज अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग मुलांसाठी आरक्षण आहे. शहरात शिकणाऱ्या खुल्या गटातल्या मुलाने हे सगळे वजा केले तर त्याच्यासाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जागा उरतात. हे पाहून काही पालक मुलाचे नाव गावाकडच्या शाळेत कागदोपत्री घालतात आणि मूल शहरातच क्लासला बसवतात. हा प्रकार अनेक ठिकाणी सर्रास चालतो आणि तो मला अत्यंत अन्यायाचा वाटतो, कारण अशी प्रत्येक जागा ज्याच्यासाठी ही शाळा काढली त्याच मुलाच्या ताटातली असते. उलट नवोदयमध्ये स्पर्धा आपल्या जिल्ह्यापुरतीच असते. साताऱ्यातले मूल खावलीच्या, पुण्यातले शिक्रापूरच्या, नगरचे टाकळी ढोकेश्वरच्या आणि सोलापूरचे पोखरापूरच्या जागांसाठी झगडते, साऱ्या राज्याशी नाही.

सैनिक स्कूलचा हिशेब निराळा आहे. तिथे ६७ टक्के जागा राज्यातल्या मुलांना आणि ३३ टक्के इतर राज्यांतल्या मुलांना असतात, आरक्षण वेगळे, सैनिकांच्या मुलांसाठी काही वाटा वेगळा. साताऱ्यातल्या पालकाला नवोदय आणि सैनिक स्कूल दोन्ही घराजवळ वाटतात, पण एका ठिकाणी मूल जिल्ह्याशी झुंजते आणि दुसऱ्या ठिकाणी उभ्या महाराष्ट्राशी. शिवाय लेखी परीक्षेनंतर वैद्यकीय तपासणी असते, आणि वार्षिक शुल्क लाखाच्या पुढे जाते. उत्पन्नानुसार राज्याच्या शिष्यवृत्त्या आहेत, पण त्या मिळतील असे धरून न चालता सात वर्षांची बेरीज आधी करून ठेवावी. २०२१-२२पासून मुलींनाही सैनिक स्कूलमध्ये प्रवेश मिळू लागला आणि त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दारही मुलींना उघडले, म्हणून ही शाळा आता मुलींच्या पालकांच्याही विचारात यायला हवी. नावांच्या सारखेपणाकडे मात्र बारकाईने पाहावे. संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतले जुने सैनिक स्कूल वेगळे. २०२१च्या निर्णयानंतर खासगी संस्था, विश्वस्त संस्था आणि राज्य सरकारे यांच्या भागीदारीत मान्यता मिळालेली नवी सैनिक स्कूल वेगळी. राज्यातल्या संस्थांनी चालवलेल्या अनुदानित सैनिकी शाळा वेगळ्या. आणि धर्मवीर मुंजे यांनी १९३७मध्ये नाशिकला सुरू केलेल्या भोसला मिलिटरी स्कूलसारख्या खासगी संस्था आणखी वेगळ्या. शुल्क, व्यवस्थापन, शिक्षक आणि वसतिगृह यांत त्यांच्यात मोठा फरक असतो. पाटीवरचा शब्द सारखा आहे म्हणून यादीत चार नावे घालण्यात अर्थ नाही.

‘अर्ज तर भरून ठेवू, नंबर लागला तर बघू’ हा युक्तिवाद सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि त्यात तथ्य आहे. नवोदयच्या अर्जाला पैसे पडत नाहीत, सैनिक स्कूलच्या परीक्षेचे शुल्क काहीशे रुपये आहे, आणि न घेतलेली जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलाला जाते. पण अर्जाची खरी किंमत शुल्कात नसते. अर्ज भरला की पाचवीचे वर्ष त्या परीक्षेचे होते. सकाळी क्लास, मग शाळा, संध्याकाळी सराव प्रश्नपत्रिका, रविवारी टेस्ट. काही ठिकाणी तर मूल चौथीतच घरापासून दूर तयारीच्या वसतिगृहात टाकतात. नवोदयची सहावीची परीक्षा मुलाला आयुष्यात एकदाच देता येते, दुसऱ्यांदा बसायला परवानगी नाही, त्यामुळे घरादाराचा ताण त्या एका सकाळवर एकवटतो. नंबर लागला आणि पाठवायचे नाही असे ठरले तर मुलाला ते समजावणे अवघड. लागला नाही तर ज्या शाळेत त्याला जायचेच नव्हते तिच्यासाठी ते नापास झाले अशी बोच मनात राहते. एकाहून अधिक ठिकाणी अर्ज करणे योग्यच आहे, नशिबाचा भाग इतका मोठा असताना ते आवश्यकही आहे. पण यादीतले प्रत्येक नाव असे असावे की नंबर लागला तर त्या दिवशी घरात वाद होणार नाही.

त्यासाठी शाळा आतून कशी चालते हे अर्जाआधी पाहायला हवे, आणि इथे पालकांची सर्वाधिक टाळाटाळ होते. नवोदयमधला दिवस पहाटे पीटीने सुरू होतो आणि रात्रीच्या देखरेखीतल्या अभ्यासानंतर संपतो. अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी सदने असतात आणि सहावीतले मूल एका मोठ्या खोलीत इतर अनेकांबरोबर राहते. अंथरूण आवरणे, मोजे-बनियन धुणे, हरवलेली बादली शोधणे, आजारी वाटले तर मेट्रनकडे जाऊन सांगणे, हे सगळे त्याने स्वतः करायचे असते. भेटीचे दिवस ठरलेले, मोबाइलला मनाई. नववीत तर ३० टक्के विद्यार्थी वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयमध्ये जातात, हिंदी भाषक भागातून अहिंदी भागात आणि उलट. मला ही योजना फार मोलाची वाटते, पण चौदा वर्षांचे मूल वर्षभर बिहारात किंवा मध्य प्रदेशात असेल हे पालकांना नववीत कळणे बरे नाही. आणि एक कटू वस्तुस्थितीही डोळ्यांआड करता येत नाही. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत नवोदय विद्यालयांत ४९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याचे ‘इंडियन एक्सप्रेस’ने डिसेंबर २०१८मध्ये प्रसिद्ध केले, त्यातले सुमारे निम्मे दलित आणि आदिवासी होते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली. लाखो मुलांतल्या या ४९ घटना आहेत हे खरे, पण ही मुले शाळेच्या वसतिगृहात राहणारी होती आणि वसतिगृहाची जबाबदारी शाळेचीच असते. म्हणून शाळेत गेल्यावर प्रयोगशाळेच्या आधी वसतिगृह पाहावे. रात्री मुलांजवळ कोण झोपते, समुपदेशक आहे का आणि आठवड्यातून किती दिवस असतो, मोठ्या मुलाने मारले तर सहावीतले मूल कुणाकडे जाते, घरी फोन कधी करता येतो, हे सरळ विचारावे. ज्या शाळेत या प्रश्नांची उत्तरे चटकन आणि तपशिलाने मिळतात, ती शाळा माझ्या मते यादीत दोन पायऱ्या वर जावी, मग तिचा निकाल अर्ध्या टक्क्याने कमी का असेना.

दहा वर्षांच्या मुलाला यातले काय कळते, असे म्हणून त्याला विचारलेच जात नाही. निर्णय त्याच्यावर टाकू नयेच, पण त्याच्याइतकी माहिती दुसऱ्या कुणाकडे नसते. मामाच्या गावी चार दिवस गेले की ते रमते का, अनोळखी मुलांत बोलते का, दुखले-खुपले तर सांगते की गिळून बसते, या गोष्टी मानसिक क्षमता चाचणीत येत नाहीत आणि वसतिगृहाच्या पहिल्या वर्षात मात्र सगळे त्यांवरच अवलंबून असते. गिळून बसणाऱ्या मुलाला वसतिगृहाची सर्वाधिक झळ पोहोचते, आणि बहुधा तेच ‘शहाणे, कुठेही राहील’ म्हणून आधी पाठवले जाते.

हे सगळे वाचून काही जण बिचकतील, आणि ज्यांनी बिचकू नये तेच बिचकतील, ही भीती मला खरी वाटते. घाना देशात मुले माध्यमिक शाळांची पसंतीयादी भरत, त्यांपैकी अनेक शाळा निवासी असत. केहिंदे अजायी यांच्या अभ्यासात दिसले की सारखेच गुण असूनही कमकुवत प्राथमिक शाळांतून आलेली मुले चांगल्या शाळांची नावे कमी घालत. कुवत तीच, पण आपल्यासाठी ते नाही असे आधीच ठरलेले. आपल्याकडे हे जिल्हा परिषदेच्या शाळांत दिसते. ज्या वर्गात शिक्षक स्वतः पुढाकार घेतात, तिथून चार-पाच अर्ज जातात. शेजारच्या गावात एकही जात नाही. वाडीवरच्या, पाड्यावरच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातल्या मुलाच्या बाबतीत माझा युक्तिवाद अर्ज भरण्याच्याच बाजूने आहे, आणि जोराने आहे, कारण तिथे दोन जागांमधले अंतर सर्वांत मोठे आहे. आदिवासी मुलासाठी नवोदयबरोबर एकलव्यचा अर्जही भरावा; दोन्हींत मिळणारा आधार जवळपास सारखा आणि एकीकडे जागा हुकली तर दुसरीकडे मिळण्याची आशा राहते. दोनदा विचार करायला मी सांगतो आहे तो ज्यांच्याजवळ घरीच बरेच काही आहे त्यांना.

शिवाय सहावीला हुकले म्हणून सगळे दरवाजे बंद होत नाहीत, आणि हे माहीत असले की पाचवीतला अर्धा ताण ओसरतो. नवोदयमध्ये नववी आणि अकरावीच्या रिक्त जागांसाठी पुन्हा परीक्षा असते. सैनिक स्कूलला नववीतही प्रवेश मिळतो, फक्त ती परीक्षा इंग्रजीतून द्यावी लागते, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलाने सहावी ते आठवीत इंग्रजी पक्के करून ठेवायला हवे. १९२२मध्ये सुरू झालेल्या देहरादूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजात आठवीला प्रवेश असतो. वय साडेअकरा ते तेरा, परीक्षा वर्षातून दोनदा, राज्यात ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, आणि २०२२पासून मुलीही बसू शकतात. जागा देशभरात मिळूनच थोड्या, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये. सैन्यात अधिकारी व्हायचे स्वप्न असेल तर महाराष्ट्र शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७पासून आहे. दहावीतली मुले तिची परीक्षा देतात, मुलाखत होते, आणि निवडलेल्यांची अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत प्रबोधिनीसाठी तयारी करून घेतली जाते. २०२३मध्ये मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला सुरू झाली. पाचवीत सैनिक स्कूलचा अर्ज न भरलेल्या मुला-मुलींना हा रस्ता पंधराव्या-सोळाव्या वर्षी खुला असतो, आणि सैन्यात जायचे की नाही हे तोवर त्यांना स्वतःला सांगता येते.